एका बेसिनच्या जागी दोन: या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधलं काम आहे. घरातली दोघंही सकाळी एकाच वेळी ऑफिसला निघणार, म्हणून त्यांना दोन बेसिन हवी होती. पाच फुटी व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) आधी घरात आली आणि मग प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीला छिन्नी लावली तर विटेऐवजी काँक्रीट आणि सळई दिसली. काम तिथेच थांबवावं लागलं.

ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात. साइटवर सगळे याला ‘मायवान’ म्हणतात. इमारतीचा भार या भिंतीच पेलतात, त्यामुळे पाइपसाठी त्यात खाच पाडायची नाही. कंत्राटदार ‘थोडंसंच कापतो’ म्हणाला तरी ऐकू नका. आहे त्या अँगल कॉकच्या (बेसिनखाली भिंतीतून निघणाऱ्या छोट्या नळाच्या) जागी टू-वे, म्हणजे दोन तोंडांचा अँगल कॉक बसवा, एक थंड पाण्याला आणि एक गरम पाण्याला. पुढची जोडणी व्हॅनिटीच्या आतून, भिंतीत न गाडता बाहेरूनच न्या. त्यासाठी कपाटाची मागची फळी कापावी लागते आणि मधला ड्रॉवर आखूड करावा लागतो. सुताराला हे ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर ड्रॉवर बॉटल ट्रॅपला (बेसिनखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाला) आपटतो.

वाशी-नेरूळच्या जुन्या घरांमध्ये भिंत विटेची, पण अडचण दुसरीच. आत जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप असेल तर तो गंजून आतून अरुंद झालेला असतो. त्यालाच टी (तीन तोंडांचा जोड) मारून दुसरा नळ काढला की दोन्ही नळांना करंगळीएवढी धार येते. तेवढी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) करून घ्या. गीझरच्या बाजूला साधा यूपीव्हीसी पाइप चालत नाही, गरम पाण्याने तो मऊ पडतो. गच्चीच्या टाकीच्या लगेच खालच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या एक-दोन मजल्यांवर राहत असाल तर मुळात दाबच कमी असतो. शॉवर चालू ठेवून बेसिनच्या नळाखाली बादली भरून बघा, म्हणजे आधीच अंदाज येईल.

पाणी येण्याचा प्रश्न डोळ्यांना दिसतो तरी, जाण्याचा दिसत नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी तिथल्याच.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे घड्याघड्यांचा लवचीक वेस्ट (सांडपाण्याचा) पाइप. लांब अंतरावर तो मधे झोळीसारखा लोंबतो, त्यात साबणाचा गाळ आणि केस साठतात, आणि महिन्याभरात कपाट उघडलं की वास मारतो. दोन बेसिन म्हणजे अंतर वाढणारच, म्हणून पाइप कडक पीव्हीसीचा हवा. प्रत्येक बेसिनचा पाइप ३२ मिमी, आणि दोन्ही एकत्र आल्यावर पुढचा ४० किंवा ५० मिमीचा. उतार दर फुटाला पाव इंच. म्हणजे पाच फुटांवर सव्वा इंच.

दुसरी चूक जोडणीची. दोन्ही बेसिनचे पाइप समोरासमोर आणून सरळ टीमध्ये सोडले की डावीकडे चूळ भरल्यावर उजव्या बेसिनच्या जाळीतून फेस वर येतो. याला पाइप बदलायची गरज नसते. टी काढून ४५ अंशांचा वाय (Y आकाराचा जोड) लावा, किंवा एक पाइप थोडा पुढे नेऊन खालच्या अंगाला जोडा.

पाणी जाताना गुडगुड आवाज येतो आणि नंतर वास सुटतो? ट्रॅपनंतर पाइप लगेच सरळ खाली उतरलेला असेल. वेगाने पडणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं, आणि वास अडवणारं तेच असतं. ट्रॅपनंतर थोडा आडवा पाइप द्या.

काम सुरू करण्याआधी नहाणी ट्रॅपही (बाथरूमच्या जमिनीतला, जाळीखालचा) तपासा. एक बादली पाणी एकदम ओता. जाळीवर पाणी तुंबलं तर दुसऱ्या बेसिनचा विचार ट्रॅप साफ झाल्यावर.

आणि भिंत चार फुटांचीच असेल तर दोन बेसिनचा हट्ट सोडा, असं मी स्पष्ट सांगतो. दोन्ही बेसिनच्या मध्यांत अडीच फूट अंतर नसेल तर कोपर कोपराला लागतं. एकच लांब बेसिन, दोन नळ आणि एकच वेस्ट घेतलं तर वरचे ड्रेनेजचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

कपाटाचे ड्रॉवर बसवण्याआधी दोन्ही बेसिन काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरवा. खालच्या घरात जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत मात्र काम सुरू होण्याआधीच बघून या. ओल आधीचीच असेल तर त्यांच्यासमोरच फोटो काढून ठेवा.