हनोईचे व्याही घरी येणार असतील तर

गुहागरच्या आमच्या पडवीत विहीणबाईंनी चपला काढल्या आणि माझ्या लेकीकरवी पहिलाच प्रश्न केला, "तुमचं वय काय?" तुम्हालाही विचारतील. मनाला लावून घेऊ नका, जन्मसाल सांगून मोकळ्या व्हा. व्हिएतनामी भाषेत 'मी' आणि 'तू' नात्यावर आणि वयावर ठरतात. आपल्याहून थोड्या मोठ्या पुरुषाला 'आन्ह', बाईला 'ची', धाकट्याला 'एम'. समोरची 'ची' झाली की आपण स्वतःला 'एम' म्हणायचं. वय कळेपर्यंत वाक्य सुरू होत नाही.

थोरल्या-धाकट्याची ही शिस्त कन्फ्युशियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या शिकवणीने घट्ट केली. चीनने तिथे सुमारे हजार वर्षं राज्य केलं. पुढे व्हिएतनामच्या राजांनीच ती शिकवण दरबारात आणली. हनोईत 1070 साली कन्फ्युशियसचं मंदिर उभं राहिलं. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं कोरलेले 82 शिलालेख तिथे दगडी कासवांच्या पाठीवर आहेत. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. ती कासवं बघताना माझे डोळे भरून आले.

पानं वाढलीत तरी घाई करू नका. धाकटी मंडळी एकेका वडीलधाऱ्याला नात्याने हाक मारून 'जेवा' म्हणतील, मग घास. आपल्या 'वदनी कवळ'साठी थांबतो तसं थांबा. भातात चमचा वा काड्या उभ्या खोचू नका, ती मृतांपुढच्या उदबत्तीची खूण वाटते.

शिक्षक असाल तर आवर्जून सांगा. त्यांच्या नववर्षाचा पहिला दिवस वडिलांकडचा, दुसरा आईकडचा, तिसरा गुरूंचा. हे कळल्यावर जावयाने मला चहाचा कप दोन्ही हातांनी दिला.

सगळ्यात जपायचं ते भिंतीवरच्या फोटोला. आमच्या ह्यांचं श्राद्ध माघ वद्य पंचमीला असतं, हे विहीणबाईंना समजावावं लागलं नाही. त्यांच्याकडेही वार्षिक स्मरण चांद्र तिथीनेच होतं, आधी पूर्वजांपुढे पान, मग घरच्यांचं जेवण. पूर्वजपूजा तिथे एकट्या कन्फ्युशियसने आणली असं नव्हे, पण आईबापांचं ऋण मेल्यावरही फेडायचं, हे त्याने ठसवलं. तीन उदबत्त्या काढून ठेवा. त्या सम संख्येत लावत नाहीत.

बाईने आधी बापाचं, मग नवऱ्याचं, शेवटी मुलाचं ऐकावं, हा त्याच परंपरेतला नियम मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि तसं मी विहीणबाईंना सांगितलंही. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

निघताना आमसुलांची बरणी द्याल ती दोन्ही हातांनी द्या, आणि आधी थोरल्यांच्या हाती.