घरचा कॉम्प्युटर घेताय? आधी सॉफ्टवेअर ठरवा

विंडोज घ्यावं, मॅक घ्यावं की लिनक्स, हा वाद रॅम आणि प्रोसेसरच्या आकड्यांवरून सुटत नाही. आपलं काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते त्या मशीनवर चालणार का, हे आधी बघायचं. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क ही स्प्रेडशीट सुरुवातीला फक्त ‘ॲपल टू’वर आली, आणि अनेकांनी केवळ तिच्यासाठी तो कॉम्प्युटर घेतला. तोच क्रम आजही बरोबर आहे.

१. घरातल्या प्रत्येकाला विचारून कामांची यादी करा. ‘ऑफिसचं काम’ असं मोघम लिहू नका; ‘मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या सूचना) असलेली एक्सेल फाइल’ असं लिहा. मेल, व्हिडिओ अशी ब्राउझरमध्ये होणारी कामं खोडून टाका, ती कुठेही होतात. मग यादीत काहीच उरलं नाही, तर क्रोमबुक, म्हणजे मुख्यतः ब्राउझरवर चालणारा लॅपटॉपही पुरे.

२. उरलेल्यातलं अडणारं सॉफ्टवेअर शोधा. इमारतींच्या आराखड्यांचं रेव्हिट, यंत्रांच्या डिझाइनचं सॉलिडवर्क्स, डेटाबेसचं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस यांना विंडोजच लागतं. व्हिडिओ एडिटिंगचं फायनल कट प्रो, संगीताचं लॉजिक प्रो, ॲप बनवायचं एक्सकोड हवं असेल तर मॅक. फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही. लिब्रेऑफिस, ब्लेंडर, गिम्प मात्र तिन्हीकडे चालतात.

३. ‘मॅकवरही मिळतं’ एवढ्यावर विश्वासून पैसे भरू नका. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एक्सेल दोन्हीकडे आहे, पण मोठ्या डेटाचं विश्लेषण करणारं पॉवर पिव्होट मॅकच्या एक्सेलमध्ये नाही आणि ॲक्टिव्हएक्स या विंडोजच्या तंत्राने शीटवर टाकलेली बटणंही तिथे चालत नाहीत. आराखडे काढायच्या ऑटोकॅडची मॅक आवृत्तीसुद्धा विंडोजसारखी हुबेहूब नाही. म्हणून आपली सगळ्यात किचकट फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि ओळखीच्या कुणाच्या तरी तशाच मशीनवर उघडा. मॅक्रो चालवा, प्रिंट काढा, सेव्ह करा आणि तीच फाइल परत जुन्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. तासाभराचं काम आहे, पण ते टाळू नका.

४. प्रोसेसर कुठल्या जातीचा आहे तेही विचारा. मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्या सोयीने विंडोज टाकता येतं, हा सल्ला इंटेल प्रोसेसरच्या मॅकपुरताच खरा. एम-वन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) आणि त्यापुढच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. स्नॅपड्रॅगन या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर जुने प्रोग्रॅम बहुतेक चालतात, ड्रायव्हर (प्रिंटर, स्कॅनरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. जुना स्कॅनर तिथेच अडकतो.

गेमसाठी घेत असाल तर प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट हा गेम चालत नाही, त्याची अँटी-चीट (खेळातली फसवणूक रोखणारी) यंत्रणा आड येते.

५. जुना कॉम्प्युटर घेताना अपडेट किती काळ मिळतील ते तपासा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय लागते.

एवढं करूनही दोन पर्याय सारखेच वाटले, तर अडल्यावेळी मदत करू शकेल असं जवळचं माणूस जे वापरतं, ते घ्या.