एक मूल व्हीलचेअरवर, दुसरं बोटाला धरलेलं: बाहेर पडताना या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेली थोरली आणि तिच्या पाठचं तीन-चार वर्षांचं धाकटं, अशी दोन मुलं घेऊन डोंबिवली-ठाण्याकडून हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत थेरपीला येणारी घरं कमी नाहीत. आमचंही त्यातलंच. लोकलने दादर, पुढे टॅक्सी. या वाटेवर घोळ होतो तो गाडी चालू असताना नाही, चढता-उतरताना होतो. थोरलीला उचलायला दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात धाकटा मोकळा सुटतो. म्हणून कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे घरातूनच ठरवून निघा.

टॅक्सीत थोरलीला आधी बसवणं

जवळपास सगळेच असं करतात, कारण ती जड असते आणि तिची काळजी जास्त वाटते. पण तिला आत टेकवून खुर्ची मिटायला वळलात की धाकटा रस्त्यावर असतो. उलटं करा. धाकटा आधी आत, पलीकडचं दार लॉक. मग खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून थोरलीला उचला, तिचा पट्टा बांधा आणि खुर्ची अगदी शेवटी मिटा. उतरताना आधी खुर्ची उघडून ब्रेक, मग थोरली, धाकटा सगळ्यात शेवटी आणि तोही फूटपाथच्या बाजूने.

मुंबईच्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे मिटलेली खुर्चीही तिथे मावत नाही. हे टॅक्सीवाल्याशी बसायच्या आधी बोला, मुलांना आत बसवल्यावर नाही. टपावर कॅरियर असेल तर उत्तम, पण दोरी आपली हवी. कॅरियर नसेल तर खुर्ची पुढच्या सीटवर उभी राहते. पाय ठेवायच्या पट्ट्या सुट्या होत असतील तर काढून पिशवीत घाला, त्या वाटेत पडतात आणि सुट्या विकत मिळायला फार त्रास होतो.

हँडलला पिशव्या लटकवणं

डबे, डायपर, पाण्याच्या बाटल्या, सगळं खुर्चीच्या मागे अडकवलेलं असतं. मूल बसलेलं असेपर्यंत तोल राहतो. मुलीला उचललं की खुर्ची मागच्या मागे उलटते, आणि तिच्या मागे बहुतेक वेळा धाकटाच उभा असतो. वजन सीटखाली ठेवा किंवा स्वतःच्या पाठीवर घ्या. धाकटा दमला म्हणून त्याला पायपट्टीवर उभं करणंही तितकंच वाईट, तेव्हा खुर्ची पुढे कलंडते. धाकट्याच्या हाताला बांधायचा मनगटपट्टा वापरत असाल तर त्याचं दुसरं टोक तुमच्या मनगटाला बांधा, खुर्चीला कधीही नाही.

लोकल: भरवशावर चढणं

गाडी स्टेशनात थांबते जेमतेम वीस-तीस सेकंद. दिव्यांगांचा डबा कुठे येतो त्याची खूण फलाटावर असते, तिथे आधीच जाऊन उभे राहा, गाडी आल्यावर धावायचं नाही. मोठं माणूस एकच असेल तर गर्दीच्या वेळी लोकल नको, हे मी ठामपणे सांगेन. थेरपीची वेळ अकरानंतरची मागून घ्या आणि चारच्या आत परत फिरा. दोन मुलं आहेत असं स्पष्ट सांगितलं की वेळ बदलून मिळू शकते, फक्त विचारायला हवं.

दोघं मोठे असाल तर धाकट्याला घेऊन एकाने आधी चढायचं, खुर्ची त्याच्या पाठोपाठ. उतरताना खुर्ची उलटी, मागची मोठी चाकं आधी खाली. तोंड फलाटाकडे करून उतरवलं तर पुढची छोटी चाकं फटीत अडकतात आणि मूल पुढे फेकलं जातं.

चुकामूक झाली तर काय, हेही आधी बोलून ठेवा. फलाटावर राहिलेल्याने जागचं हलायचं नाही. गाडीत गेलेल्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं. धाकट्याच्या शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिलेला असू द्या.

लिफ्ट बंद असली की चार माणसं मदतीला येतात, आपली माणसं खरोखर चांगली आहेत. पण ती खुर्ची धरतात ती हात टेकायच्या दांड्यांना, आणि बऱ्याच खुर्च्यांच्या या दांड्या उपसून येतात. मुलीसकट खुर्ची हवेत असताना दांडी हातात आली तर काय होईल, ते सांगायला नको. कुठे धरायचं ते तुम्ही हात लावून दाखवा: मागे हँडल, पुढे खालची लोखंडी चौकट. सरकत्या जिन्यावर खुर्ची नेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

धाकट्याला राखणदार करणं

‘ताईकडे लक्ष ठेव हं’ असं आपण सहज म्हणून जातो. चार वर्षांचं पोर ते खरं मानतं. ताई रडली की आपलंच चुकलं असं त्याला वाटतं, किंवा खुर्ची सरकली तर ते धरायला धावतं. त्याला काम जरूर द्या, पण ज्यात कोणाचा जीव नाही असं: लिफ्टचं बटण, तिकिटं सांभाळणं, स्टेशनांची नावं मोठ्याने वाचणं. आणि थेरपी चालू असताना तो नुसता बसून असतो, हे विसरू नका. त्याचा खाऊ आणि शू ताईच्या वेळापत्रकात बसवायची नाही, त्याची वेगळी वेळ धरा. माझ्या मते निम्मी भांडणं एवढ्याने मिटतात.

कागद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत हवंच. रेल्वेची सवलत मात्र रेल्वेच्या नमुन्यातल्या सरकारी डॉक्टरच्या प्रमाणपत्रावरून मिळते, आणि त्यावरून रेल्वे स्वतःचं ओळखपत्र देते, ते वेळेत करून घ्या. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्याला ५० टक्के. आईला महिला म्हणून अर्धं तिकीट तसंही आहे, तेव्हा याचा उपयोग बाबा किंवा काका सोबत असताना. धाकटा पाच वर्षांच्या आत असेल तर रेल्वेत त्याचं तिकीट लागत नाही. पाच पूर्ण झाली की घ्यायला विसरू नका.

फिट येणाऱ्या मुलांसाठी

डॉक्टरांनी दिलेला नाकात मारायचा स्प्रे मोठ्या बॅगेत नको, कमरेच्या पाऊचमध्ये हवा. फिट आली तर मुलीला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात पाणी किंवा चमचा काही घालू नका. कोणी चप्पल हुंगवायला पुढे आलं तर नाही म्हणा. फिट पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. त्याच वेळी धाकट्यासाठी शेजारच्या एका बाईकडे बोट दाखवून म्हणा, ‘ताई, याचा हात धरा.’ ‘कोणीतरी धरा’ म्हटलं तर कोणीच धरत नाही.