हलणारा कमोड पक्का बसवताना

आईचे गुडघे गेले तेव्हा विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधल्या आमच्या घरातला जुना भारतीय संडास काढून कमोड बसवून घेतला. दीड वर्षात तो हलायला लागला. आई उठताना डाव्या हातावर भार देते, आणि दर वेळी खालून 'कट्' असा आवाज यायचा. ७८ वर्षांची बाई तिथे पडली तर खुब्याचं हाड जातं. शिवाय कमोड हलला की मागचा पाइपाचा जोडही हलतो, घाण पाणी लादीखाली झिरपतं आणि खालच्या घराच्या छताला डाग पडतो. म्हणून भाच्याला बोलावून एका रविवारी तो काढला आणि नीट बसवला.

आधी शेजारच्या काकूंकडे आईची दिवसभराची सोय केली, कारण आमच्याकडे संडास एकच. मग टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, भांड्यातलं पाणी स्पंजने टिपून घेतलं. कडेचं व्हाइट सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने फोडलं. कमोड दोघांनी उचलून जुन्या गोधडीवर ठेवा, एकट्याने अजिबात नको. उघड्या पाइपात लगेच फडक्याचा बोळा घाला, आणि बसवताना तो आठवणीने काढा.

आत पाहिलं तर एक स्क्रू गंजून तुटलेला, दुसऱ्याचा प्लग, म्हणजे स्क्रूला धरणारी प्लास्टिकची नळी, भोकात गोल फिरत होता. म्हणजे कमोड फक्त व्हाइट सिमेंटवर उभा होता. ते फट बुजवतं, माणसाचा भार धरत नाही.

खरं कारण मात्र त्याच्याही खाली होतं. जुन्या संडासाची लादी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, आणि कमोडचा तळ सपाट. कमोड स्क्रूशिवाय नुसता जागेवर ठेवा, तिरक्या कोपऱ्यांवर हात दाबा. आमचा मागच्या उजव्या कोपऱ्यात अधांतरी होता. अशा वेळी स्क्रू आवळून डुगडुग थांबवायची चूक करू नका. चिनी मातीला ताण सोसत नाही, आज नाही तर महिन्याने तिला चीर जाते. लाद्या बसवताना वापरतात त्या प्लास्टिकच्या पाचरा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्या फटीत सरकवा. पुठ्ठा किंवा लाकूड नको, ते भिजून कुजतं. वर पाणसळ ठेवून बघा. स्क्रू नसतानाही कमोड हलत नाही, तेव्हाच पुढे जा. आमचा यातच पाऊण तास गेला, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यातच आहे.

मग तळाच्या भोकांतून पेन्सिलने खूण करा, कमोड बाजूला घ्या. खुणेवर मास्किंग टेप लावली की बिट घसरत नाही. लादी पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारणं, बंद ठेवा, नाहीतर लादी तडकते. बिट प्लगच्याच मापाचा हवा, आमचा १० मिमी होता. प्लगच्या लांबीपेक्षा जरासं खोल, एवढंच; बिटावर टेपची खूण करा. जुन्या इमारतींत लादीखाली मसाला, त्याखाली विटांच्या तुकड्यांचा भराव, मग वॉटरप्रूफिंग आणि पाइप असतात. खोल गेलात तर गळती तुम्हीच लावाल. भोकातली धूळ सायकलच्या पंपाने उडवा, धुळीत प्लग धरत नाही.

आमचं एक भोक सैल झालं होतं. त्यात काड्या ठोकायचा मोह आवरा. तिथे केमिकल अँकर, म्हणजे सुकून बोल्टला धरून ठेवणारा मसाला, भरून बोल्ट उभा केला आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावला नाही. स्क्रू, नट, वायसर सगळं स्टेनलेस स्टीलचं घ्या, मुंबईच्या दमट हवेत साधं लोखंड टिकत नाही.

कमोडला मागच्या पाइपाशी जोडणाऱ्या पॅन कनेक्टरचं रबर कडक झालं असेल तर नवीनच टाका. तो सरकावा म्हणून साबणाचं पाणी लावा; तेलाने रबर फुगतं. कमोड बसवून पाचरा परत जागी घाला. स्टीलच्या वायसरखाली नायलॉनचाही एक वायसर ठेवा आणि आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा द्या. पकड आली की थांबा.

कड लगेच बंद करू नका. खाली वर्तमानपत्र पसरून पाच-सहा वेळा फ्लश करा. कागद कोरडा राहिला तर सिलिकॉन भरा. मी व्हाइट सिमेंट टाळलं, कारण पुढच्या वेळी सिलिकॉन पात्याने कापता येतं. मागच्या बाजूला दोन इंच जागा मोकळी सोडली आहे. जोड गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल, खालच्या वहिनींच्या छतावर नाही. सिलिकॉनला २४ तास द्या.

आठ दिवसांनी दोन्ही स्क्रू तपासले. एकाला पाव फेरा लागला, दुसरा जागचा हलला नव्हता. आईच्या डाव्या हाताला आता भिंतीत स्टीलची दांडीही बसवली आहे.