जुन्या डांबरी वाटेवर नवा थर देताना या चुका टाळा

पावसाळा सरला, सोयाबीनचे पैसे हाती आले आणि लग्नसराई जवळ आली की परभणी-हिंगोलीकडे फाटकापासून ओट्यापर्यंतच्या जुन्या डांबरी वाटेवर नवे कार्पेट टाकण्याची घाई सुरू होते. ही घाई नेमकी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येऊन पडते. त्यात होणाऱ्या बहुतेक चुका डांबराच्या प्रतीपेक्षा खालची माती, पाणी आणि कामाची वेळ यांच्याशी निगडित असतात.

वाट उखडली म्हणजे वरचे डांबर संपले, असे गृहीत धरणे ही पहिली चूक होय. आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे कडेने लांबट भेगा पडतात आणि त्यांतून मुरलेले पाणी खालचा मुरूम मऊ करते. ज्या भागावर भेगाळलेल्या रानासारखी जाळी पडली आहे, तेथे वीतभर खणून पाहावे. मुरूम चिखलासारखा हाताला लागला, तर तो तुकडा चौकोनी कापून, ओली माती उपसून, मुरूम आणि गिट्टी थराथराने दाबून भरल्याशिवाय वर काहीही टाकू नये, कारण खालची जाळी एक-दोन पावसाळ्यांत नव्या थरावर जशीच्या तशी उमटते. सुटी, एकेरी भेग असेल तर ती झाडून, इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) ओतून, वर कच (बारीक खडी) भरली तरी पुरते.

थंड प्रदेशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत, भेगेतील पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगून डांबर फोडते, म्हणून बर्फ पडण्यापूर्वी भेगा बुजवा, असे सांगितलेले असते. लडाखमध्ये ते रास्तच आहे. मराठवाड्यात मात्र पाणी गोठत नाही, माती फुगते. म्हणून आपली मुदत मृगाच्या आधीची, आणि मे महिन्यात भेगा सर्वांत रुंद उघडलेल्या असतात तेव्हा त्या भरणे सोयीचेही पडते.

उताराचा विचार बहुतेक जण काम झाल्यावर करतात. नवा थर जुन्यावर चढला की वाट उंच होते आणि ओट्याकडे पाणी वळते, म्हणून दर मीटरला सुमारे २ सेंटिमीटर उतार बाहेरच्या नालीकडे राहील, हे दोरी लावून आधीच पाहावे.

यानंतरची चूक साफसफाईची. धूळ, शेण, ट्रॅक्टरचे सांडलेले तेल तसेच ठेवून फवारलेला टॅककोट (जुना आणि नवा थर चिकटवणारा इमल्शनचा हात) त्या धुळीलाच चिकटतो. इमल्शनचे प्रमाण चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो पुरेसे असते. जास्त टाकल्यास थर घसरतो. फवारल्यावर त्याचा तपकिरी रंग काळा होईपर्यंत थांबावे लागते, आणि थंडीत त्याला अधिक वेळ लागतो. मजूर ताटकळत असतात म्हणून तपकिरी इमल्शनवरच माल (डांबर-गिट्टीचे गरम मिश्रण) ओतला जातो, हे मला सर्वांत खटकते.

थंडीचा खरा फटका मालाच्या तापमानाला बसतो. परभणीत हिवाळ्यातील पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, आणि रस्तेकामाच्या सरकारी मानकांनुसार हवा १० अंशांहून थंड असताना, तसेच पाऊस किंवा धुके असताना, डांबरी थर टाकू नये. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग संपेपर्यंत किमान ९० अंश असावा लागतो. २५ मिलिमीटरचा पातळ थर गार वाऱ्यात काही मिनिटांतच निवतो, मग रोलर कितीही फिरवला तरी गिट्टी बसत नाही. म्हणून टिपर ताडपत्रीने झाकून आणावा, पोहोचताच मालात थर्मामीटर खोचून पाहावा, आणि काम सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी चारच्या आत आटोपावे. रोलरच्या चाकांना माल चिकटू नये म्हणून पाणी लावावे; डिझेल लावण्याची सवय घातक आहे, कारण डिझेल डांबर विरघळवते.

मालाचा हिशेबही आधी करून ठेवावा. १०० चौरस मीटरवर दबल्यानंतर २५ मिलिमीटर भरणाऱ्या दाट मिश्रणाला सुमारे ५.७५ टन माल लागतो. वजनकाट्याची पावती ३ टनांची असेल, तर थर किती जाडीचा पडला हे वेगळे विचारण्याची गरज उरत नाही.

काम झाल्यावर दोष दिसलाच, तर त्याचे रूप पाहून कारण ओळखता येते. पापुद्र्यासारखा थर निघत असेल तर खाली धूळ राहिली आहे; तेवढा तुकडा कापून, झाडून, टॅककोट देऊन पुन्हा भरावा. पायाखाली गिट्टी सुटत असेल तर माल थंड असताना दाबला गेला आहे, आणि दोष वरवरचा असल्यास पावसाळ्यापूर्वी सीलकोट (वरून छिद्रे बुजवणारा डांबराचा पातळ थर) दिल्याने काही काळ निभते. मे महिन्यात पारा बेचाळिशीपार गेल्यावर डांबर वर येऊन चपला चिकटू लागल्या, तर डांबर जास्त झाले आहे. भर दुपारी, पृष्ठभाग मऊ असतानाच, कोरडी कच पसरून रोलर फिरवावा आणि न चिकटलेली कच दुसऱ्या दिवशी झाडून काढावी.