उरलेली लोकर, वाळपईची थंडी

गोव्यात कसली आलीय थंडी, असं किनाऱ्याकडचे लोक म्हणतात. पौषात आत वाळपईकडे धालोंच्या (बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या) रात्री मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या अंगणात, बसून पाहा म्हणावं! यंदा त्यासाठी कपाटातले लोकरीचे उरलेसुरले गुंडे बाहेर काढले.

लेबलं केव्हाच हरवलेली. खरी लोकर गरम पाण्यात आटते, अ‍ॅक्रिलिक तसं आटत नाही. दोन्ही एकाच पांघरुणात गेली की धुतल्यावर त्याचा आकारच बिघडतो. म्हणून प्रत्येक रंगाचा बोटभर धागा चिमट्यात पकडून मोरीत मेणबत्तीवर धरला. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची काळी, टणक गाठ होते (गार होईपर्यंत हात लावू नका). दोन्ही लक्षणं दाखवणारा मिश्र धागा बाजूला ठेवला.

मग जाडीचा प्रश्न. बारीक धागा दुहेरी घेतला, क्रोशाची सुई सगळीकडे ५ मिमीचीच. तरी पांघरुणासाठी विणलेले चौकोन लहानमोठे व्हायचेच. टाके मोजत बसण्यापेक्षा पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला, त्यावर प्रत्येक तुकडा ठेवून पाहिला. कमी पडला तर कडेने एक फेरी वाढवली. धाग्यांची सुटी टोकं पुढच्या खांबांखाली (क्रोशाच्या उंच टाक्यांखाली) दाबत गेले, नाहीतर शेवटी ती ओवण्याचा कंटाळा येतो.

अ‍ॅक्रिलिकचं पांघरूण झालं, खऱ्या लोकरीच्या कानटोप्या. त्या मात्र गार पाण्यात, हातानेच धुवायच्या.