एनपीएसचा हिशोब : नागपूरच्या कर्मचाऱ्यांनो, या चुका टाळा

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या हमखास दिसतात. ही मागणी एनपीएसवाल्यांची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्यांची. या योजनेत दरमहा पगारातून कपात होते आणि ती गुंतवली जाते. मागणी किती बरोबर, तो वाद वेगळा. पण घोषणा देणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतःच्या प्रान खात्याचं (एनपीएसचा कायम क्रमांक असलेलं खातं) स्टेटमेंट वर्षानुवर्षं उघडलेलं नसतं. पैसा कोणाच्या नावावर आहे, तो गुंतवतं कोण आणि नोंद ठेवतं कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. खालच्या बहुतेक चुका तिथेच गल्लत झाल्यामुळे होतात.

एनपीएसची तक्रार घेऊन एजी ऑफिस गाठणे

सिव्हिल लाइन्समधलं महालेखापालांचं कार्यालय विदर्भ आणि मराठवाड्यातल्या जुन्या पेन्शनची प्रकरणं आणि जीपीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) हिशोब पाहतं. वडिलांची पेन्शन तिथूनच मंजूर झालेली, म्हणून मुलगाही तिथेच विचारायला जातो. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर राज्य सेवेत लागलेल्यांचं एनपीएस खातं मात्र त्या इमारतीत नसतं. खात्याची नोंद ठेवणारी संस्था म्हणजे प्रोटियन, पूर्वीची एनएसडीएल. तुमच्या बाजूनं आधी डीडीओ (तुमचं पगारबिल काढणारा अधिकारी), मग ट्रेझरी, हा रस्ता. तिथे दाद लागली नाही तर नोंद संस्थेकडे ऑनलाइन तक्रार टाकायची, पुढे एनपीएस ट्रस्ट आणि शेवटी पेन्शन तक्रारींसाठीचा लोकपाल. तक्रारीचा टोकन नंबर जपून ठेवा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला पुढची पायरीच नसते.

'आमचे पैसे सरकारनं वापरून टाकले' असं धरून चालणे

हे अर्धंच खरं आहे. २००५ पासून आपल्याकडे डीसीपीएस, म्हणजे राज्याची परिभाषित अंशदान पेन्शन योजना होती. तेव्हा कपात झालेली रक्कम राज्याच्याच हिशोबात राहायची आणि तिच्यावर व्याज लागायचं. १ एप्रिल २०१५ पासून राज्य कर्मचारी एनपीएसमध्ये आले आणि चित्र बदललं. आता मालमत्ता कायद्यानं एनपीएस ट्रस्टच्या नावावर असते, तीही सभासदांच्या वतीनं. गुंतवणूक सहसा एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी यांच्या पेन्शन फंड कंपन्या करतात. कशात किती टक्के घालायचे याच्या मर्यादा पीएफआरडीए, म्हणजे पेन्शन क्षेत्राचं नियामक प्राधिकरण ठरवतं. या प्राधिकरणाला २०१३ च्या कायद्याचा आधार आहे. फंड सांभाळण्याची फी शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्याही आत असते, त्यामुळे 'कंपन्या आपल्या पैशावर गब्बर होतात' ही ओरड मला तरी पटत नाही.

ताबा कोणाचा, हे राजस्थानच्या उदाहरणातून स्पष्ट होतं. त्या राज्यानं जुनी पेन्शन परत आणली आणि एनपीएसमध्ये जमलेली रक्कम मागितली. पीएफआरडीएकडून उत्तर आलं, राज्य सरकारला पैसे परत करायची तरतूद कायद्यात नाही.

उलट, जुन्या पेन्शनचा 'फंड' कुठेच नाही. ती दर वर्षी राज्याच्या तिजोरीतून, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून दिली जाते. सभेत 'जुन्या पेन्शनचा फंड कुठे गेला' असं विचारणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं.

पगारपत्रकातली कपात पाहून निश्चिंत होणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. 'भाऊ, पैसे तं दर महिन्याले कटते, पन खात्यात दिसत नाही,' ही तक्रार ट्रेझरीच्या बाहेर नेहमीची.

कपात झाली म्हणजे युनिट (पेन्शन फंडातले तुमचे हिस्से) मिळाले असं नसतं. सेवार्थ या राज्याच्या पगार प्रणालीवर पगारबिल तयार होतं. त्यानंतर कोणाचे किती, याची फाइल नोंद संस्थेकडे अपलोड होते आणि रक्कम स्वतंत्रपणे विश्वस्त बँकेकडे जाते. फाइल आणि रक्कम यांचा आकडा जुळला तरच पैसे गुंतवले जातात. आकडा जुळला नाही किंवा प्रान नंबर चुकला, तर ती रक्कम अडकून पडते. युनिट मिळतात ते जुळणी झाल्यानंतरच्या भावानं, म्हणून उशिराचा फटका थेट तुमच्या खात्याला बसतो.

स्टेटमेंटमध्ये एकूण बेरीज बघून थांबू नका. कर्मचारी आणि शासन असे दोन रकाने असतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७५,००० होत असतील, तर तुमचे दहा टक्के म्हणजे ७,५०० आणि शासनाचे चौदा टक्के म्हणजे १०,५०० दिसायला हवेत. शासनाचा हिस्सा १४ टक्के झाला तो एप्रिल २०१९ पासून. त्याआधी तो १० टक्केच होता, जुने महिने तपासताना हे ध्यानात असू द्या. एखादा महिना रिकामा दिसला तर त्या महिन्याची पगाराची स्लिप आणि स्टेटमेंटचं ते पान जोडून डीडीओंना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डीसीपीएसच्या काळातल्या वार्षिक हिशोबाच्या चिठ्ठ्याही शोधून काढा. ती जुनी शिल्लक व्याजासकट प्रान खात्यात आली की नाही, हे पाहायला त्या उपयोगी पडतात.

शेजाऱ्याचा नियम स्वतःला लावणे

नागपुरात एकाच सोसायटीत रेल्वेवाले, आयुध निर्माणीवाले, पोस्टातले आणि जिल्हा परिषदेतले राहतात. केंद्राची एनपीएस १ जानेवारी २००४ पासूनची, राज्याची तारीख वेगळी. केंद्राची यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. राज्याचा निर्णय वेगळा आणि त्याचे शासन निर्णयही वेगळे. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आणि नेमणूक नंतरची असेल, तर त्यांच्यासाठी जुन्या पेन्शनबाबतचा २ फेब्रुवारी २०२४ चा राज्याचा शासन निर्णय आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ वाचण्याआधी वरचं विभागाचं नाव बघा.

वारसाचं नाव तसंच राहू देणे

लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईवडिलांचं नाव असतं आणि बदलायचं राहून जातं. प्रान खात्यात नाव बदललं तरी सेवापुस्तकात वेगळं बदलावं लागतं. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं एनपीएसधारकांनाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) लाभ दिला आहे, त्याच्या विकल्पाचा कागद सेवापुस्तकात लागलाय का, तेही आस्थापना शाखेत विचारून घ्या.

नोकरी बदलली तर नवा प्रान काढू नका. जुनाच नव्या कार्यालयाकडे वळवून घ्यायचा असतो.

निवृत्तीचा क्लेम सहा महिने आधी सुरू होतो. सहसा किमान ४० टक्के रकमेची अॅन्युइटी (विमा कंपनीकडून मिळणारी ठरलेली पेन्शन) घ्यावी लागते आणि तिच्यावर महागाई भत्ता वाढत नाही. जोडीदाराला पुढे मिळणारा पर्याय निवडायचा की नाही, हे त्या सहा महिन्यांत घरी बसून ठरवा, कारण अॅन्युइटी एकदा सुरू झाली की पर्याय बदलायला सहसा वाव राहत नाही.